टॅलिनची नोकरी घ्यावी का? नवरा फार्मासिस्ट, मुलगी पाच वर्षांची

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. मी नाशिकची, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. एस्टोनियातल्या टॅलिनमधल्या एका कंपनीची ऑफर हातात आहे. महिना ३४०० युरो ब्रुटो (म्हणजे कर कापण्याआधीचा पगार), ऑफिस युलेमिस्ते भागात, जॉइनिंग १ नोव्हेंबर. उत्तर द्यायला दहा-बारा दिवस आहेत.

प्रश्न माझ्या कामाचा नाही, ते मी करेन. नवऱ्याचं कॉलेज रोडला औषधांचं दुकान आहे, ते दीर चालवायला तयार आहेत. पण तिथे जाऊन नवऱ्याने काय करायचं? मुलगी मोठ्या शिशुगटात आहे, मराठी आणि मोडकं इंग्रजी बोलते. सासूबाईंना वेगळीच काळजी, नकाशात रशिया अगदी चिकटून दिसतो म्हणून. आणि आम्ही तिघंही शाकाहारी.

यूट्यूबवर सगळे जण बर्फात उभं राहून हसताना दिसतात, त्यातून मला काही कळत नाही. तिथे खरोखर संसार करणाऱ्या कुणी सांगाल का? पगार पुरेल का, हेही सांगा.

मुस्तामॅएकर

ताई, मी मूळचा सोलापूरचा, टॅलिनच्या मुस्तामॅए भागात राहतो. बायको आणि दोन मुलं सोबत आहेत. जरा सविस्तर लिहितो, कारण येण्याआधी मला या गोष्टी सांगणारं कुणी नव्हतं.

ऑफर घ्या. पण पहिलं काम हे करा की नोव्हेंबरची जॉइनिंग बदलून मार्च-एप्रिल मागा. तुम्ही बाकी दहा गोष्टी विचारल्यात, माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट ही तारीख आहे. नोव्हेंबरात इथे फारसा बर्फ नसतो. चिखल, पाऊस आणि राखाडी आभाळ असतं. डिसेंबरच्या मध्यावर सूर्य सकाळी सव्वानऊच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो, आणि ते सहा तासही बहुतेक ढगातच जातात. तुम्ही ऑफिसात असाल, चार माणसांशी बोलाल, तुमचा दिवस निघेल. नवरा नव्या देशातल्या तिसऱ्या मजल्यावर, ओळख ना पाळख, खिडकीतून अंधार बघत बसेल. मी अशी दोन कुटुंबं जवळून पाहिली. एक फेब्रुवारीत परत गेलं. त्यांची कागदपत्रं, पगार, घर, सगळं व्यवस्थित होतं.

एप्रिलमध्ये आलात तर दिवस रोज वाढताना दिसतो. जूनमध्ये रात्री साडेदहापर्यंत उजेड असतो, मुलं अंगणातून घरात यायला तयार नसतात. तेवढ्या काळात शेजारी ओळखीचे होतात, बसचे मार्ग पाठ होतात, मुलीला एखादी मैत्रीण मिळते. मग हिवाळा आला की तो ओळखीच्या गावातला हिवाळा असतो. कंपन्यांना इथे माणसं हवी असतात. चार-पाच महिने थांबायला तुमची कंपनी तयार होईल का, ते मोकळेपणाने विचारा. मुलीची शाळा आणि कुटुंबाचा परवाना ही कारणं त्यांना समजतात.

कागदपत्रांची अजिबात धास्ती घेऊ नका. या देशाने ती बाजू इतकी सरळ केली आहे की मला आजही त्याचं कौतुक वाटतं. प्रत्येकाला इसिकुकोड म्हणजे अकरा आकडी ओळख क्रमांक मिळतो. निवास परवान्याच्या कार्डासोबत दोन पिन येतात, एक ओळख पटवायला आणि दुसरा सही करायला. दुसऱ्या पिनने केलेली सही कायद्याने हाताच्या सहीइतकीच पक्की. भाडेकरार, बँक, मुलीचा बालवाडीचा अर्ज, आयकर, सगळं त्या कार्डावर होतं. डॉक्टरने लिहिलेलं औषध संगणकात नोंदलेलं असतं. कोणत्याही औषधाच्या दुकानात जाऊन कार्ड दाखवायचं, चिठ्ठी लागत नाही. तुमच्या मिस्टरांना हे बघायला आवडेल. तुमच्या ऑफिसच्या भागातच इंटरनॅशनल हाउस आहे. तिथे पोलीस व सीमारक्षक विभाग, करखातं, रोजगार विभाग यांच्या खिडक्या एका छताखाली आहेत आणि इंग्रजीत बोलतात.

फक्त एक काळजी घ्या. घर भाड्याने घेताना त्या पत्त्यावर तुमची लोकसंख्या नोंदणी होईल, हे करारात लिहून घ्या. काही घरमालक टाळाटाळ करतात. ती नोंदणी नसेल तर पुढचं बरंच अडतं: टॅलिनच्या रहिवाशांना शहरातली बस, ट्राम २०१३ पासून मोफत आहे ती मिळत नाही, महापालिकेच्या बालवाडीत जागा मागता येत नाही.

घराबद्दल अजून थोडं. मुस्तामॅए, लास्नामॅए, युइस्मॅए हे सोव्हिएत काळातल्या काँक्रीटच्या इमारतींचे भाग. बाहेरून एकसारख्या दिसतात, पण आतून फार फरक असतो. काही इमारतींना बाहेरून नवं उष्णतारोधक आवरण घातलंय, काहींना नाही. गरम पाण्याच्या नळ्यांनी अख्खी इमारत तापवतात आणि त्याचा खर्च भाड्याव्यतिरिक्त येतो. जुन्या इमारतीत जानेवारीचं बिल जुलैच्या दुप्पट-तिप्पट होऊ शकतं. म्हणून घर बघताना एकच मागणी करा: गेल्या जानेवारीचं बिल दाखवा. दाखवायला का-कू करणाऱ्याचं घर घेऊ नका. युलेमिस्ते लास्नामॅएच्या कडेलाच, विमानतळाशेजारी आहे, त्यामुळे ऑफिसच्या दृष्टीने लास्नामॅए सोयीचं आणि स्वस्त. मात्र तिथे रशियन भाषकांची वस्ती जास्त आहे. माणसं चांगली आहेत, पण मुलीच्या कानावर एस्टोनियन पडावी असं वाटत असेल तर मुस्तामॅएचा विचार करा. आमच्याकडे दोन झोपायच्या खोल्यांचं घर साधारण ६०० ते ८०० युरोत मिळतं, वर बिलं.

पगार. ब्रुटोतून २२ टक्के आयकर आणि १.६ टक्के बेरोजगारी विमा जातो. २०२६ पासून दरमहा ७०० युरो सगळ्यांना करमुक्त आहेत. हातात साधारण पावणेतीन हजार येतील. मालक वरून ३३ टक्के सामाजिक कर भरतो, तो तुमच्या पगारातून कापला जात नाही. तिघांचा संसार होईल, नीट होईल, पण गावी दर वर्षी तिघांची तिकिटं आणि मोठी बचत हे दोन्ही एका पगारात जमणार नाही. इथे वस्तू स्वस्त नाहीत. २०२५ च्या जुलैपासून विक्रीवरचा कर २४ टक्के झालाय.

आजारपण: तुमचा विमा नोकरी नोंदल्यापासून चौदा दिवसांनी लागू होतो. मुलगी एकोणीस वर्षांखालची, इथली रहिवासी म्हणून नोंदली की तिचा विमा आपोआप. मिस्टरांचा मात्र तुमच्या नोकरीमुळे आपोआप होत नाही, हे लक्षात ठेवा आणि पहिल्या दिवसापासूनची खासगी पॉलिसी घेऊनच या. फॅमिली डॉक्टरांकडे नाव घालावं लागतं. रात्री-अपरात्री मूल तापलं तर १२२० वर फोन करून सल्ला मिळतो, दिवसातल्या ठरावीक वेळात इंग्रजीतही. तातडीसाठी ११२.

आता बालवाडी. इथे शाळा सातव्या वर्षी सुरू होते, त्यामुळे तुमची मुलगी अजून बालवाडीतलीच, आणि हे तिचं नशीब समजा. २०२४ च्या सप्टेंबरपासून सरकारने सगळ्या बालवाड्या आणि शाळा टप्प्याटप्प्याने एस्टोनियन भाषेत आणायला सुरुवात केली. सुरुवात बालवाडी, पहिली आणि चौथीपासून. इंग्रजी शाळा टॅलिनमध्ये आहेत, पण फी बघून डोळे फिरतील. मुलीला एस्टोनियन बालवाडीत घाला. पहिले दोन-तीन महिने ती गप्प राहील. आमची धाकटी गप्पच होती. बाईंनी तिला बोलायला लावलं नाही, फक्त हाताला धरून कामं सांगितली, जेवायला शेजारी बसवलं. मग एक दिवस ती घरी बाहुलीला एस्टोनियनमध्ये रागवायला लागली. आता दुकानात आमच्यासाठी तीच बोलते. थंडीतही मुलांना रोज बाहेर खेळायला नेतात, त्यासाठी अंगभर एकसंध सूट लागतो. तो भारतातून आणू नका, इथेच घ्या, आणि वापरलेला घ्या. मुलं वर्षात वाढतात, त्यामुळे जुन्या कपड्यांच्या दुकानांत उत्तम माल मिळतो.

खाणं. डाळी, कणीक, मसाले आशियाई दुकानांत मिळतात. स्टेशनजवळच्या बाल्टी याम बाजारात भाज्या, लोणची, ताजं लोणी. हिवाळ्यात कोबी, बीट, गाजर, बटाटा यांवर भर. दूध-दह्याची चंगळ आहे: केफिर, आंबट दूध, पनीरसारखं ताजं चीज. कामा नावाचं एक पीठ मिळतं, बार्ली, राय, ओट आणि वाटाणा भाजून दळलेलं. ताकात कालवून खातात. आई इथे आली होती तेव्हा तिने चव घेतली आणि म्हणाली, हे तर आपलं मेतकूटच, मसाला घालायचा राहिलाय. ज्वारीचं पीठ मिळत नाही, सोलापूरच्या माणसाला याचं किती वाईट वाटतं ते सांगायला नको. रायच्या पिठाची भाकरी आम्ही थापतो, चिकट होते, पण पिठल्याबरोबर चालते. कुकर आणताना तळ इंडक्शनवर चालणारा आहे का ते बघा, साधा अ‍ॅल्युमिनियमचा इथे बऱ्याच घरांत निरुपयोगी ठरतो. मिक्सर चालतो, व्होल्टेज आपलंच आहे, फक्त प्लगला अडॅप्टर लागेल.

सासूबाईंना सांगा, एस्टोनिया २००४ पासून नाटोत आणि युरोपीय संघात आहे. इथली माणसं शेजाऱ्याला चांगली ओळखून आहेत, १९९१ मध्येच पुन्हा स्वतंत्र झालेला देश आहे. भीतीने कुणी घरात बसत नाही, तयारी मात्र ठेवतात. घरात आठवड्याभराचं पाणी, अन्न, विजेरी, औषधं ठेवा, असं सरकारच सांगतं. आम्हीही ठेवतो. मुलीला एकटं बसने पाठवायला मला सोलापुरात भीती वाटली असती, इथे वाटत नाही.

मिस्टरांच्या कामाबद्दल मी लिहिण्यापेक्षा तार्तूच्या मित्राला बोलावतो, त्याला त्यातलं जास्त कळतं.

तार्तूस्थित

ताई, मी बायकोच्या नोकरीमागे आलेला नवरा आहे. बायको विद्यापीठात संशोधन करते. तार्तू हे विद्यापीठाचं गाव, विद्यापीठ १६३२ पासूनचं. मी चिंचवडला कारखान्यात सुपरवायझर होतो. म्हणून तुमच्या मिस्टरांशीच बोलतो असं समजून लिहितो.

पती म्हणून मिळालेल्या निवास परवान्यावर काम करायला वेगळी परवानगी लागत नाही. कायद्याचा अडथळा नाही. अडथळा भाषेचा आहे, आणि तुमच्या व्यवसायात तो मोठा आहे. औषधाच्या काउंटरवर उभं राहायचं तर एस्टोनियन चांगलीच यावी लागते, आणि ते योग्यच आहे. म्हातारी बाई गोळी कधी घ्यायची ते विचारते, तिला तिच्याच भाषेत समजलं पाहिजे. शिवाय पदवीची मान्यता घ्यावी लागेल. तेव्हा पहिली तीन-चार वर्षं फार्मासिस्ट म्हणून काम मिळेल ही आशा धरून येऊ नका. औषध कंपन्यांच्या कागदपत्रांचं, तपासणीचं, गोदामाचं काम इंग्रजीवर मिळू शकतं, ते शोधा. आणि पहिल्या आठवड्यापासून भाषा शिका.

सरकारचा नव्याने आलेल्यांसाठी मोफत कार्यक्रम आहे, त्यात सुरुवातीची भाषा शिकवतात. मी तो केला, पण खरी भाषा मला वाचनालयातल्या भाषा-कॅफेत आली. आठवड्यातून एकदा गोल बसायचं, चहा घ्यायचा आणि फक्त एस्टोनियनमध्ये बोलायचं. टॅलिनच्या मध्यवर्ती वाचनालयातही ते चालतं. नामाच्या चौदा विभक्ती आहेत. आपण शाळेत विभक्ती पाठ केलेली माणसं, इंग्रजांपेक्षा आपल्याला ते लवकर पटतं. घरात, घरातून, घरावर असं शब्दालाच चिकटतं, मराठीसारखंच. तेव्हा घाबरू नका.

आता मी लाकडी घरांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. तयार लाकडी घरं परदेशी पाठवणं हा इथला मोठा धंदा आहे. पगार बायकोपेक्षा कमी. पण सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो, जेवणाच्या सुट्टीत चार माणसांत बसतो. ती माणसं सुरुवातीला काही बोलत नाहीत. तो त्यांचा स्वभाव आहे, त्याला तुटकपणा समजू नका. माझ्याशी वर्षभर फक्त 'तेरे' (नमस्कार) म्हणणाऱ्या एका सहकाऱ्याने, बायकोला बरं नव्हतं तेव्हा न सांगता आमच्या दारात बटाट्याचं पोतं आणि जॅमच्या बरण्या आणून ठेवल्या.

माझं म्हणणं मुस्तामॅएकरांपेक्षा थोडं वेगळं आहे. तारीख महत्त्वाची आहेच, पण त्याहून महत्त्वाचं हे की नवऱ्याने स्वतः यायचं ठरवलं आहे का. बायकोसाठी त्याग केला असं मनात धरून आलेला माणूस जूनच्या उजेडातही सुखी होत नाही. तुम्ही दोघं एक संध्याकाळ काढा आणि दुकान दोन वर्षं दिराकडे राहील, नंतर काय, हे स्पष्ट बोला. मी आणि बायकोने हे चिंचवडच्या घरी बसून लिहून काढलं होतं: किती वर्षं थांबायचं, कुणाला नको झालं तर काय करायचं. तो कागद आजही आमच्याकडे आहे.

परतपुणे

मी टॅलिनला होतो, आता पुण्यात आहे. दोन गोष्टींची भर घालतो.

एक, नोकरीसाठीचा निवास परवाना त्या मालकाशी बांधलेला असतो. चाचणीचा काळ सहसा चार महिन्यांचा, त्यात नोकरी गेली तर परवान्याचा प्रश्न उभा राहतो, आणि कुटुंबाचा परवाना तुमच्यावर अवलंबून. म्हणून आधी तुम्ही एकट्या जा, चाचणीचा काळ संपू द्या, मग नवरा-मुलीला बोलवा. आम्ही असंच केलं आणि मला ते फार बरं वाटलं.

दोन, भारतात दुकानाचं उत्पन्न राहणार असेल तर दोन्हीकडच्या कराचं सीएकडून समजून घ्या. भारत आणि एस्टोनियात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे.

परत का आलो? वडील एकटे पडले. देशाविषयी काहीच तक्रार नाही. पासपोर्टच्या कामासाठी पूर्वी हेलसिंकीला जावं लागायचं, आता टॅलिनमध्येच भारतीय दूतावास आहे.

मुस्तामॅएकर

एकट्याने आधी यायचं म्हणताय ते परवान्याच्या दृष्टीने बरोबर आहे. पण पाच वर्षांच्या मुलीपासून चार महिने? ते ताईंनीच ठरवावं. तारीख एप्रिलची मिळाली तर मधला मार्ग निघतो: एप्रिलमध्ये तुम्ही, ऑगस्टमध्ये ते दोघं. चाचणी संपलेली, परवाना हातात, आणि १ सप्टेंबरला बालवाडीचं वर्ष सुरू होतं तेव्हा मुलगी पहिल्या दिवसापासून इतरांबरोबर. हिवाळ्याआधी त्यांना तीन महिने मिळतात, कमी आहेत, पण चालतात. बालवाडीच्या जागेसाठी मुलीची नोंदणी टॅलिनमध्ये झालेली लागेल, तेव्हा आधी घर, मग अर्ज.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तार्तूच्या दादांचं उत्तर नवऱ्याला वाचायला दिलं. त्याने दोनदा वाचलं आणि काही बोलला नाही. सकाळी दुकान उघडायला जाताना म्हणाला, औषध कंपन्यांच्या तपासणीच्या कामाचं बघायला हरकत नाही, त्याने त्यातलं एक सर्टिफिकेट लग्नाआधी केलेलं आहे, मलाच माहीत नव्हतं. संध्याकाळी बसून आम्ही तो कागद लिहिणार आहोत.

कंपनीला मेल टाकलाय, १ एप्रिल मागितली आहे. त्यांनी उलट विचारलंय की मार्चची १६ चालेल का.

दोन प्रश्न अजून. मार्चच्या मध्याला थंडी किती असते, म्हणजे मी कोट नाशिकहून घेऊ की तिथे? आणि आई-बाबांना पुढच्या वर्षी महिनाभर बोलवायचं झालं तर कोणता महिना चांगला?

मुस्तामॅएकर

१६ मार्च घ्या, बिनधास्त. तोवर दिवस जवळजवळ बारा तासांचा झालेला असतो. तापमान शून्याच्या आसपास, रात्री खाली जातं. कोट इथे घ्या. तिथून फक्त लोकरीचे आतले कपडे आणि मोजे आणा. पायात मात्र पहिल्या दिवसापासून चांगले बूट हवेत. मार्चमध्ये दिवसा बर्फ वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि फूटपाथची काच होते. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे इथल्या दुकानांत मिळतात, विमानतळावरून घरी जाताना वाटेतच घ्या. छपरांवरून बर्फाचे सुळे पडतात, भिंतीला लागून चालू नका. आणि एक हेल्कुर घ्या, कोटाला लटकवायचा चमकणारा बिल्ला. अंधारात पायी चालताना तो लावणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि गाडीवाल्याला तुम्ही त्यानेच दिसता.

आई-बाबांसाठी जूनचा मध्य ते जुलैचा मध्य. २३-२४ जूनला यानिपॅएव्ह असतो, गावोगाव शेकोट्या पेटवतात, लोक रात्रभर जागतात. जुलैत रानात ब्लूबेरी पिकतात, कुणीही जाऊन वेचाव्यात. त्यांच्या खोलीला जाड गडद पडदे आधीच लावून ठेवा, नाहीतर पहाटे चारला उन्हाने उठून बसतील. व्हिसाचे अर्ज उन्हाळ्यात तुंबतात, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्येच कागद जमवायला घ्या. हृदयाची किंवा साखरेची औषधं असतील तर पूर्ण मुक्कामाची आणि वर पंधरा दिवसांची जास्त, प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत. ते काम तर घरातच होईल.